पावसाची पावती: तीन पावसाळे वापरलेल्या नळकांड्याबद्दल

वस्तू म्हणून पाहाल तर यात पाहण्यासारखं काही नाही. हातभराहून थोडं कमी उंचीचं पारदर्शक प्लॅस्टिकचं नळकांडं, वर नरसाळं, आत एक बारीक नळी, खांबाला अडकवायला पकड आणि आकडे लिहायला एक छापील तक्ता. खोक्यावर 'पर्जन्यमापक' असं भारदस्त नाव आहे. घरात ते नाव कुणी घेत नाही. आप्पा, म्हणजे माझे सासरे, त्याला 'तुझं भांडं' म्हणतात.

मी नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले. पावतीशिवाय खर्च दाखवला की मला अजूनही अस्वस्थ होतं. आणि आमच्या घरात पावसावर जे बोललं जातं ते सगळंच विनापावती. आप्पांचं म्हणणं, 'पूर्वीसारखा पाऊस आता राहिलाच नाही.' हे ते भर पावसातही म्हणतात, आणि ओरडून म्हणतात, कारण पत्र्यावरच्या आवाजात दुसऱ्याला ऐकू जात नाही. भाचा राहायला आला की विरुद्ध पक्ष उभा राहतो. पाऊस उशिरा आला, हवामान बदल. लवकर आला, हवामान बदल. संध्याकाळी नुसतं अंधारून आलं तरी, 'आत्या, बघ, क्लायमेट!' दोघंही मनापासून बोलतात. कागद दोघांकडेही नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच एका वादानंतर मी हे नळकांडं मागवलं.

भांडणात थोडा वाटा आपल्या भाषेचाही आहे. उद्या पाऊस येईल का, ते सांगतो तो हवामान अंदाज. शंभर वर्षांत पृथ्वी तापली, तो हवामान बदल. शब्द एकच. त्यामुळे आप्पा खिडकीतून डोकावून 'हवामान बदललंय, छत्री घे गं' म्हणतात आणि भाचा 'हवामान बदलतंय' म्हणत डोक्याला हात लावतो, तेव्हा ऐकणाऱ्याला दोघांचं एकमत झालंय असंच वाटेल. मी माझ्यापुरती सोय करून घेतली. आज काय पडलं ती किर्द, म्हणजे हिशेबातली रोजच्या नोंदींची वही. तीस वर्षांच्या किर्दीवरून जे निघतं ते हवामान. जागतिक हवामानशास्त्र संघटनाही सरासरी काढायला तीस वर्षांचाच काळ धरते. सध्या चालू आहे तो 1991 ते 2020चा. किर्दीतली एक नोंद वाचून धंदा बुडाला किंवा तरला असं कुठलाही हिशेबनीस म्हणणार नाही, पण किर्दच लिहिली नाही तर पुढचं काहीच करता येत नाही. हे नळकांडं किर्द लिहायचं साधन आहे. त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवून घेऊ नका.

आता ते चालतं कसं. नरसाळ्याचं तोंड सुमारे दहा सेंटिमीटर रुंद. आतल्या नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ त्याच्या बरोब्बर एक दशांश. म्हणजे वर एक मिलिमीटर पाऊस पडला की नळीत पाणी दहा मिलिमीटर चढतं, आणि माझ्यासारख्या चष्मेवालीलाही 0.2 मिलिमीटरची रेघ वाचता येते. नळी 25 मिलिमीटरला भरते. त्यापुढचं पाणी बाहेरच्या नळकांड्यात सांडतं. ते नंतर नळीत ओतून मोजायचं आणि बेरीज करायची. साधी, बिनतारी, बिनबॅटरीची युक्ती. पावसाचं पाणी भांड्यात धरून मोजणं तसं फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक हात रुंद तोंडाचं कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवायला सांगितलंय, आणि कोरियात 1441-42च्या सुमारास राजाज्ञेनं एकाच मापाची भांडी बसवली होती. आप्पांना यातलं कौटिल्याचं नाव तेवढं पटलं.

भांडं मात्र पटलं नाही. 'एवढ्याशा तोंडात कितीसा पाऊस मावणार? परात ठेव, जास्त भरेल.' हा प्रश्न मला आजवर किमान दहा जणांनी विचारलाय, म्हणून सविस्तर लिहिते. पाऊस आपण उंचीत मोजतो. सरळ भिंतींचं भांडं असेल तर तोंड वाटीएवढं असो की हौदाएवढं, आत साचलेल्या पाण्याची उंची तीच येते. रुंद तोंडात पाणी जास्त पडतं, पण पसरायला जागाही तेवढीच जास्त मिळते. आप्पांना तोंडी पटेना, तेव्हा सरळ उभ्या भिंतींचे दोन डबे, एक रुंद आणि एक अरुंद, गच्चीच्या मधोमध ठेवले आणि सकाळी त्यांच्याच हातात पट्टी दिली. दोन्हीत साधारण चौदा मिलिमीटर. त्यांनी दोनदा मोजलं. मग म्हणाले, 'पट्टी जुनी आहे.'

बसवायची जागा हा या वस्तूचा सगळ्यात नाजूक भाग, आणि सोबतच्या माहितीपत्रकात त्यावर फक्त दीड ओळ. पहिला महिनाभर मी ते पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लावलं होतं, कारण तिथं खिळा तयार होता. आकडे लाजिरवाणे कमी येत. भाच्यानं उघड्यावर दुसरं भांडं ठेवून पाहिलं तर तिथं 16.8 आणि माझ्याकडे 11.2. वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस टाकी अडवत होती. नियम असा की अडथळा भांड्याच्या तोंडापेक्षा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर भांडं असावं. फार उंचावर टांगलं तर वारा थेंब पळवतो, अगदी जमिनीलगत ठेवलं तर उडालेले शिंतोडे आत येतात. आता ते गच्चीच्या मध्यावर एका खांबावर आहे, आणि कपडे वाळत घालणाऱ्या सगळ्यांची बोलणी खातं. पहिल्या महिन्याची नोंद मी वहीतून काढली नाही. शेजारी लाल शाईनं 'जागा चुकली' असं लिहून ठेवलंय. खाडाखोड करायची नाही, शेरा मारायचा, ही नोकरीतली सवय.

तसाच आणखी एक शेरा आहे. आकाश निरभ्र असताना सकाळी भांड्यात तीन मिलिमीटर पाणी. भाचा उत्साहानं काहीतरी सांगू लागला. आप्पांनी कुंड्यांना पाईपनं पाणी घातलं होतं.

पण या भांड्यानं मला खरी अक्कल दिली ती दुसऱ्या पावसाळ्यात. वहीत दोन नोंदी आहेत, पंधरा दिवसांच्या अंतरानं. एक 47.6, दुसरी 48.2. कागदावर जुळी भावंडं. पहिल्या दिवशी पाऊस आदल्या सकाळपासून जवळपास बावीस तास पडत होता. कधी रिपरिप, कधी जराशी सर, पुन्हा रिपरिप. कपडे वाळले नाहीत, एवढीच तक्रार. दुसरी नोंद अकरा कोरड्या दिवसांनंतरची. दुपारी चारला अंधारून आलं, आणि पुढची पन्नास मिनिटं समोरची इमारत दिसत नव्हती. मग ऊन.

हिशेब करून पाहिला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे ज्यानं शाळेत शिकवलं त्याला माझा नमस्कार, कारण सगळं इथून सोपं होतं. आमची गच्ची 60 चौरस मीटरची. पहिल्या दिवशी तिच्यावर सुमारे 2,850 लिटर पडलं, मिनिटाला दोन लिटरच्या थोडं वर. गच्चीचे दोन पाईप ते निवांत खाली नेत होते. दुसऱ्या दिवशी जवळपास 2,900 लिटर, पण मिनिटाला 58. पाईपांची तोंडं गुदमरली, गच्चीवर दोन बोटं पाणी साचलं, ते जिन्याच्या दाराखालून आत आलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या दारात जाऊन थांबलं. कुंड्यांतली माती दुसऱ्या दिवशी उकरली तर बोटभर खाली कोरडी. वरचं पाणी आत मुरायच्या आधीच वाहून गेलं होतं. आणि माझ्या वहीत या दोन दिवसांत फरक किती? 0.6.

त्या रात्री वहीवर थोडा रागच आला. बेरीज बरोबर, तरीही महत्त्वाचं काही पानावर उतरलेलंच नाही, असं ताळेबंदात कधीकधी होतं, तसं.

मग वाचायला बसले, आणि कळलं की माझ्या भांड्याला जे दिसत नाही, तिथंच बदलाचा मोठा भाग आहे. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीचा 2021चा अहवाल सांगतो की जागतिक तापमान एका अंशानं वाढलं की दिवसाचा अतिजोराचा पाऊसही जगभरात साधारण तेवढाच, 7 टक्क्यांच्या आसपास वाढतो. पण वर्षभराचा एकूण पाऊस, सगळ्या पृथ्वीची सरासरी धरली तर, अंशामागे फक्त 1 ते 3 टक्के वाढतो. कारण बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते. ती वातावरणाला बाहेर टाकावी लागते, आणि टाकण्याचा वेग बाष्प मावण्याच्या वेगानं वाढत नाही. हिशेबनिसाच्या नजरेनं हे वाचा. मोठ्या रकमा सात टक्क्यांनी फुगताहेत आणि एकूण बेरीज जेमतेम दोननं. मग कुठल्यातरी किरकोळ नोंदी घटत असणार, किंवा मधली पानं कोरी राहत असणार. सगळीकडे सारखं होत नाही, काही प्रदेशांत पाऊस उलट कमी होतोय, हे तोच अहवाल सांगतो. पण आप्पांचं 'पूर्वीसारखा राहिला नाही' हे वाक्य मी पहिल्यांदा नीट ऐकलं. ते बेरजेबद्दल बोलतच नव्हते. ते झडीबद्दल बोलत होते.

झड! चार-चार दिवस सूर्य न दाखवणारी, आवाज न करता पडत राहणारी. हा शब्द भाच्याला समजावून सांगावा लागला. मला हे फार गमतीचं वाटतं, की हवामानाला एकच शब्द ठेवणाऱ्या आपल्या भाषेनं पाऊस पडण्याच्या तऱ्हांना मात्र हात सैल सोडून शब्द दिलेत. भुरभुर, झिमझिम, रिपरिप, सर, झड, संततधार, धो धो, मुसळधार. यांतल्या बहुतेक शब्दांत मिलिमीटर नाहीत. वेग आहे, आणि किती वेळ, तेही आहे. पर्जन्यमापकाला फक्त उरलेलं पाणी कळतं.

म्हणून मी वहीत तिसरा रकाना आखला: 'कसा'. त्यात एक शब्द आणि अंदाजे वेळ. '2.4, रिपरिप, पहाटे तीन तास.' '19.0, दोन सरी, वीस-वीस मिनिटं.' हा रकाना आप्पांचा, कारण रात्री जागे तेच असतात. ते काटेकोर निघाले. एकदा मी 'मुसळधार' लिहिलं तर खोडायला लावलं. म्हणाले, 'ही नुसती मोठी सर होती, मुसळधार म्हणजे थांबायचं नाव घेत नाही ती.' (खाडाखोड करायची नाही हा नियम मी त्या दिवशी मोडला.)

भाच्यालाही या वहीनं थोडं सावरलंय. त्या पन्नास मिनिटांच्या पावसानंतर तो म्हणाला, 'बघ, हा हवामान बदलाचा पाऊस.' मी म्हटलं, एका नोंदीवरून मी सही करणार नाही. एखाद्या घटनेत तापमानवाढीचा वाटा किती, हे काढायचं शास्त्र आहे. 2003च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेचा असा हिशेब 2004 साली मांडला गेला होता. पण त्याला तापलेली आणि न तापलेली अशी दोन जगं संगणकात चालवून पाहावी लागतात. गच्चीवरच्या नळकांड्याचं ते काम नाही. तो म्हणाला, मग तू काय म्हणशील? मी म्हटलं, असे दिवस वाढण्याची शक्यता वाढली आहे, एवढंच म्हणेन. आयपीसीसीच्या त्याच अहवालाप्रमाणे, पूर्वी जमिनीवर दहा वर्षांतून सरासरी एकदा येणारा एका दिवसाचा जोरदार पाऊस आता 1.3 पट वेळा येतो, आणि तापमान दोन अंशांनी वाढलं तर 1.7 पट वेळा येईल. त्याला हे फारच मिळमिळीत वाटलं. मग त्याला 2024चं सांगितलं. त्या वर्षी पृथ्वीचं तापमान 1850 ते 1900च्या तुलनेत सुमारे 1.55 अंशांनी जास्त होतं, पण जागतिक हवामानशास्त्र संघटनेनं लगेच बजावलं की पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा एका वर्षावर नाही, दीर्घकाळाच्या सरासरीवर मोजतात. मोठी माणसंही एका नोंदीवर सही करत नाहीत, एवढं त्यानं मान्य केलं.

'फोनवर सगळं दिसतं, भांडं कशाला?' असं विचारणाऱ्यांसाठी. फोनवरचा पावसाचा आकडा बहुतेक वेळा उपग्रह, रडार आणि गणितातून आलेला, काही किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज असतो. एखादी सर दोन गल्ल्या सोडून पडते, हे सगळ्यांनी पाहिलंय. अंदाजाला मी नावं ठेवत नाही. '70 टक्के शक्यता' म्हणजे असं दहादा सांगितलं तर सातदा पडायला हवा, आणि तीनदा कोरडं गेलं म्हणून अंदाज खोटा ठरत नाही, हेही वही ठेवल्यावरच अंगवळणी पडलं. पण मोजणं ही वेगळी गोष्ट. जगात उपलब्ध असलेल्या सगळ्या पर्जन्यमापकांची तोंडं शेजारी शेजारी मांडली तर अर्धं फुटबॉलचं मैदानही भरत नाही, हे वाचल्यापासून गच्चीवरच्या त्या तळहाताएवढ्या तोंडाकडे मी जरा आदरानं बघते.

दुसरा पर्याय आपोआप मोजणाऱ्या यंत्राचा. आत सी-सॉसारखी दोन छोटी पात्रं असतात, एक भरलं की कलंडतं आणि दुसरं वर येतं; प्रत्येक कलंडण्याची वेळ नोंदली जाते. त्यामुळे माझ्या तिसऱ्या रकान्याचं काम ते स्वतःच करतं. एका ओळखीच्यांकडचं महिनाभर वापरून पाहिलं. वेग समजायला उत्तम. पण अगदी धो धो पावसात, पात्र कलंडत असताना पडणारं पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो, म्हणजे जेव्हा खरी गरज तेव्हाच. शिवाय कोळ्यानं आत जाळं केलं की 'पाऊस नाही' असं ते शांतपणे सांगत राहतं. जमलं तर दोन्ही ठेवावीत. एकच घ्यायचं तर मी हेच घेईन, कारण यात बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो.

बिघाड आहेत. पकडीचे स्क्रू दुसऱ्याच पावसाळ्यात गंजले. पावसातच राहणाऱ्या वस्तूला गंजणारे स्क्रू देणाऱ्याला मला एकदा भेटायचंय. रेघा पांढऱ्या आहेत, ढगाळ सकाळी ओल्या चष्म्यातून दिसत नाहीत. मी मागे काळा कागद धरते. नळीत पाण्याची कड काठाला वर चढलेली असते, वाचायचा तो मधला खोलगट भाग, हे कुठंही लिहिलेलं नाही. उन्हाळ्यात ते घरात काढून ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक तडकतं. नरसाळ्यात पान अडकलंय का ते रोज बघावं लागतं. आणि रोज म्हणजे रोज, एकाच वेळी. मी सकाळी साडेआठला वर जाते. गावाला गेले तर आप्पा जातात, गुडघे धरून, आणि आकडा फोनवर असा सांगतात जणू निकाल जाहीर करताहेत.

मी सुरुवात केली तेव्हा 55 वर्षांची होते. तीस वर्षांची सरासरी निघेल तेव्हा 85 पूर्ण होतील. भाच्याला सांगून ठेवलंय की वही त्याच्या नावावर केली आहे.

पाचपैकी चार. अर्धा स्क्रूंसाठी कापला, अर्धा त्या छापील तक्त्यासाठी. तक्त्यात दोनच रकाने आहेत, तारीख आणि मिलिमीटर. तिसरा रकाना छापा, असं कंपनीला दोनदा कळवलं, उत्तर नाही. तोवर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पट्टी घेऊन रेघ ओढते. पट्टी तीच, आप्पांच्या मते जुनी झालेली.